ओळखीची खूण

सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही नोकरीचा अर्ज घ्या. नाव, गाव, जन्मतारीख, शिक्षण, जात असे रकाने भरत आपण खाली येतो आणि एका रकान्यापाशी मुले अडतात. ‘शरीरावरील ओळखीची खूण.’ मग कोणी शर्टाची बाही वर करतो, कोणी आरशात हनुवटी पाहून येतो. एखादा तीळ, लहानपणी पडल्याचा व्रण, भाजल्याचा डाग, असे काहीतरी सापडते. कुंभिवलीत आणि आसपासच्या वाड्यांतून रविवारी असे अर्ज भरून देण्याचे काम मी गेली कित्येक वर्षे करीत आहे. पोटासाठी कारकुनी करतो, तेव्हा रकाने भरणे हा डाव्या हाताचा मळ.

या रकान्यात अलीकडे एक उत्तर पुन्हा पुन्हा लिहावे लागते : ‘डाव्या हातावर गोंदण.’ जुनी सेवापुस्तके किंवा पेन्शनचे कागद हाताळताना हेच उत्तर मी या मुलांच्या आजी-आजोबांच्या पिढीच्या नावापुढेही वाचले आहे. मधल्या पिढीचे हात मात्र कोरे. माझ्या आईच्या हातावर काही नाही, वडिलांच्या नाही, माझ्याही नाही. आजीच्या हातावर होते आणि आता पुतण्याच्या हातावर आहे. आजीचे निराळे, पुतण्याचे निराळे. मधले हात कोरे राहिले त्याला कारण आहे, आणि ते कारण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे.

आधी आजीचे सांगतो. तिच्या कपाळावर भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ, हनुवटीवर एक ठिपका, डाव्या हातावर तुळस आणि तिच्याखाली विंचू, उजव्या हातावर मारुती आणि त्याच्या खाली थोरल्या भावाचे नाव. हे सारे सात-आठ वर्षांच्या वयात झालेले. लग्न ठरण्याआधी मुलीला गोंदले नाही तर सासरची माणसे बोल लावीत, म्हणून आई-बापांना घाई. तिला कोणी विचारले नव्हते. दोन बायकांनी दंड धरले आणि गोंदणारणीने काम सुरू केले.

गोंदणारीण भाताची कापणी झाली की यायची. घरात धान्य असायचे, तिची मजुरीही धान्यातच. पणतीची काजळी धरायची, ती पाल्याच्या रसात खलायची, तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या आणि काजळीत बुडवून टोचत जायचे. पोर रडू नये म्हणून तोंडाने गाणे चालू. रक्त पुसायचे, वरून तेल-हळद लावायची. हात सुजायचा, दोन दिवस ताप यायचा, मग खपली पडून हिरवट निळी नक्षी वर यायची. काजळी काळी, पण कातडीच्या आतून दिसताना तिला हिरवट-निळी झाक येते. कातडीचा वरचा थर सतत झडून नवा येत असतो. काजळीचे कण त्याच्या खालच्या थरात जाऊन बसतात आणि तो थर झडत नाही. म्हणून गोंदण धुऊन जात नाही. आजच्या विजेच्या यंत्रातही हेच होते. ते यंत्र १८९१ साली न्यूयॉर्कमध्ये पेटंट झाले. एडिसनने कागदावर भोके पाडून नकला काढण्यासाठी केलेल्या विजेच्या लेखणीवरून ते सुचले होते. म्हणजे मूळ यंत्र आम्हा कारकुनांच्याच कामाचे!

आजी एक गोष्ट सांगायची ती मी विसरलेलो नाही. गोंदणारीण आधी गावात जायची, पाटलाच्या आणि कुळवाड्यांच्या घरी. आमच्या वाड्यात यायची शेवटी. तोवर सुया बोथट झालेल्या असत, म्हणून आमच्या पोरींना जास्त दुखायचे. आणि त्याच सुया घेऊन ती दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या पाटलाच्या घरी. विहिरीच्या पाण्याला विटाळ होता, आमच्या सावलीला होता. आमच्या रक्ताने माखलेली सुई पाटलाच्या लेकीच्या हातात शिरायची तेव्हा विटाळ कोणाला आठवला नाही.

या बायकांनी गोंदण नुसते सोसले असे मात्र समजू नका. त्यांना त्याचे कौतुक होते. सोने घालायला मिळत नव्हते, परवडतही नव्हते. हातावर असलेला हा एकच दागिना असा की तो सावकाराकडे गहाण पडत नाही, चोर नेत नाही, सवतीला द्यावा लागत नाही. मेल्यावर अंगावरचे सगळे उतरवून घेतात, गोंदण तेवढे बरोबर येते, असे त्या म्हणत. माहेर तुटले तरी भावाचे नाव हातावर. आजीला अक्षर येत नव्हते. मी मराठी शाळेत बाराखडी गिरवायला लागलो तेव्हा तिने मला पहिल्यांदा हात पुढे करून वाचायला लावले. नावातली एक वेलांटी चुकलेली होती. तिला सांगितले तर म्हणाली, “असू दे, माझा भाऊ तोच हाय.”

आजही आपल्या कर्जत-खालापूरकडच्या ठाकूरवाड्यांत, कातकरीवाड्यांत म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर असे गोंदण दिसते. गुडघा किंवा मनगट दुखते म्हणून त्या जागी ठिपके काढून घेतलेलेही पाहायला मिळतात. इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर बर्फात १९९१ साली सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर ६१ खुणा मोजल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच पाठ, गुडघा, घोटा अशा दुखऱ्या जागी आहेत, म्हणून तो उपचार असावा असे संशोधकांना वाटते. आपल्या म्हाताऱ्या काही जगावेगळे करीत नव्हत्या.

मग १९५६ साल आले. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या, आणि वर्ष-दोन वर्षांत आपल्या वाड्यांतून देव्हारे निघाले. टाक, तसबिरी, खंडोबा, मरीआई, सारे नदीत गेले. आमच्याकडचे पाताळगंगेत गेले. नव्या बौद्ध घरांत जन्मलेल्या मुलींना कोणी गोंदले नाही. आईचे हात कोरे राहिले ते यामुळे.

पण आजीच्या हातावरचा मारुती? शेजारच्या एका बाईने बिब्बा लावून तुळस जाळायचा प्रयत्न केला. तुळस गेली नाही, हात मात्र जन्माचा डागला. आजी तसले काही करायला गेली नाही. तिला कोणी चिडवले की म्हणायची, “देव नदीत सोडले बाबा, आता हात कुठं सोडू?” आणि त्याच हातांनी ती विहारातली मेणबत्ती लावायची.

हे सगळे सांगण्याचे कारण असे घडले की एका गावच्या विहारात वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात एका तरुण वक्त्याने जोरात विचारले, “ज्यांच्या हातावर अजून मारुती आणि तुळस आहे त्यांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशासाठी?” टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या तीन-चार वृद्ध मातांनी पदर ओढून मनगटे झाकली. वंदनेसाठी जोडलेले हात त्यांनी पदराखाली नेले, ते कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर आले नाहीत.

कार्यक्रम झाल्यावर मी त्या तरुणाला बाजूला घेतले. मुलगा चांगला, शिकलेला, तळमळीचा. त्याला विचारले, “तुझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय लिहिले आहे?” तो थोडा थांबून म्हणाला, “हिंदू महार.” मी म्हटले, “मग तो दाखला तुम्ही फाडला का?” फाडला नव्हता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला होता. आपल्या बहुतेक घरांत असाच आहे. १९९० मध्ये कायदा दुरुस्त होईपर्यंत बौद्ध म्हणून नोंद केली तर केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती जात होत्या, हे मी कारकून म्हणून पुष्कळांना समजावून सांगितले आहे. दुसऱ्याने आपल्या कागदावर लिहिलेला शब्द आपण सांभाळून ठेवतो, आणि दुसऱ्याने सात वर्षांच्या पोरीच्या हातावर टोचलेल्या मारुतीबद्दल त्या पोरीला सत्तर वर्षांनी जाब विचारतो. प्रतिज्ञा मनाने आणि वागण्याने पाळायच्या असतात. त्या मातांनी उपास सोडले, नवस सोडले, गावकीची कामे सोडली, मुलांना शाळेत घातले. कातडीचा हिशोब त्यांच्याकडे कशाला मागायचा?

माणसाच्या अंगावर खूण करण्याचा हक्क कोणाचा, या प्रश्नाचा आपल्या समाजाशी फार जुना संबंध आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात लिहिले आहे की खालच्या जातीत जन्मलेला माणूस वरच्याच्या बरोबरीने आसनावर बसू पाहील तर त्याच्या कमरेवर डाग देऊन त्याला हाकलून द्यावे. नवव्या अध्यायात कपाळावर कोणत्या गुन्ह्यासाठी कोणते चिन्ह डागावे याची यादीच आहे. चोराला कुत्र्याचा पाय. आपल्याच जिल्ह्यात, महाडला, २५ डिसेंबर १९२७ रोजी जो ग्रंथ जाळला गेला त्यात हे लिहिलेले होते, हे मुलांना सांगत चला.

इंग्रज आले तेव्हा त्यांनीही हा कित्ता गिरवला. बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा सुयांनी टोचून लिहीत. त्या शिक्षेला नावही ‘गोदना’च होते, आपल्या गोंदणाचा सख्खा भाऊ. ही पद्धत १८४९ मध्ये बंद झाली. पुढे १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला असे आपण म्हणतो. पण १९९३ मध्ये अमृतसरला पोलिसांनी सांसी जमातीच्या काही स्त्रियांच्या कपाळावर गुरुमुखी लिपीत ‘जेबकतरी’ म्हणजे खिसेकापू असे गोंदले. सांसी ही त्या जुन्या यादीतलीच जमात. सीबीआय न्यायालयाने तीन पोलिसांना शिक्षा सुनावली ती २०१६ मध्ये. तेवीस वर्षे त्या बायांनी ते कपाळ ओढणीखाली झाकून काढली असतील. आपल्या विहारात पदराखाली गेलेली मनगटे पाहताना मला त्या बाया आठवल्या.

आता नव्या मुलांकडे येतो. कोणाच्या मनगटावर ‘जय भीम’, कोणाच्या दंडावर बाबासाहेबांची सही, कोणाच्या हातावर धम्मचक्र. माझ्या पुतण्याने सही काढून घेतली तेव्हा घरात वाद झाला. वडील म्हणाले, “बाबासाहेबांनी खुणा पुसायला सांगितल्या आणि तुम्ही नव्या काढता?” वडिलांचे म्हणणे उगाच नव्हते. १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली होती. तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि कोपरापर्यंतच्या चांदीच्या, कथलाच्या दागिन्यांची रास ही तुमची अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारी खूण आहे, ती टाकून द्या, असा त्या भाषणाचा रोख होता. अनेक स्त्रियांनी लागलीच नेसण्याची पद्धत बदलली. गोंदणाबद्दल ते तेथे काही बोलल्याचे माझ्या वाचनात नाही, पण वडिलांनी काढलेला अर्थ सरळ होता : लोकांनी पाहताक्षणी जात ओळखावी असे काही अंगावर ठेवू नका.

पुतण्याचे उत्तरही ऐकण्यासारखे होते. तो म्हणाला, “आबा, त्या खुणा त्यांनी आपल्यावर ठेवल्या होत्या. ही मी ठेवली.” वडील त्यावर गप्प बसले, पण पटले असे काही म्हणाले नाहीत.

यावरून छत्तीसगडच्या रामनामी लोकांची आठवण होते. तेही आपल्यासारखेच अस्पृश्य ठरवलेले. देवळात घेत नाहीत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चारपारा गावच्या परशुराम नावाच्या माणसाने कपाळावर ‘राम’ गोंदून घेतले असे ते सांगतात. पुढे त्या पंथाचे स्त्री-पुरुष डोक्यापासून पायापर्यंत तेच दोन अक्षरी नाव गोंदू लागले. देवळाच्या दाराशी कोणी अडवू शकेल, कातडीशी कोण अडवणार? आपण १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह केला आणि पुढे तो देवच सोडला. त्यांचा मार्ग आपला नाही. पण अपमानाला उत्तर म्हणून स्वतःचे अख्खे अंग कागदासारखे वापरणारी ही गरीब माणसे, त्यांना हसण्याचे धाडस मला होत नाही. आता त्यांच्याही नव्या पिढीत पूर्ण अंगभर गोंदणारे फारसे राहिले नाहीत. कामासाठी परगावी जावे लागते, तेथे लोक टकमका पाहतात.

थायलंडसारख्या बौद्ध देशात काही भिक्खू स्वतः मंत्राक्षरे आणि वाघ-नाग गोंदून देतात. त्याने गोळी लागत नाही, नशीब उघडते अशी समजूत. कोणी तसले ‘बौद्ध गोंदण’ म्हणून गळ्यात मारू लागला तर सावध राहा. तो नव्या रंगातला गंडादोराच आहे.

पुतण्याच्या बाजूने मी बोललो खरा, पण माझ्याही काही तक्रारी आहेत. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या यात्रेत सुक्या मासळीच्या रांगेपलीकडे गोंदणाऱ्यांची यंत्रे घरघरत असतात. तेथे काढलेला बाबासाहेबांचा चेहरा मी पाहिला आहे. चष्मा आहे म्हणून ओळखायचे! वय वाढेल, हात सुटेल, तसा तो आणखी पसरणार. ज्यांना आपण एवढे मानतो त्यांचा चेहरा स्वस्तातल्या हाताखाली द्यावा का, याचा विचार करा. एका मुलाच्या मनगटावरचे अशोकचक्र मोजले तर आरे १९ भरले, हवेत २४. त्याला सांगितल्यावर त्याने लांब बाहीचे शर्ट शिवले.

त्याहून गंभीर गोष्ट सुईची. यात्रेत एकच सुई आणि एकच शाईची वाटी दहा जणांना चालते. कावीळ ब, कावीळ क, एचआयव्ही हे रोग अशाच सुईतून पसरू शकतात. आजीच्या वेळी हे कोणाला ठाऊक नव्हते, आज ठाऊक आहे. तुमच्या डोळ्यांदेखत नवी सुई पाकिटातून काढली नाही तर उठून चालते व्हा. आणि नको झालेले गोंदण बिब्बा, चुना, ॲसिड असल्या उपायांनी घालवायला जाऊ नका. लेसरने पुसट करता येते, पण फेऱ्या पुष्कळ, खर्चही पुष्कळ. त्वचेच्या डॉक्टरांकडेच जा.

आया मला वेगळेच विचारतात. “भाऊ, पोराच्या हातावर जय भीम दिसला तर खोली मिळंल का? कंपनीत घेतील का? कोणी वाटेत मारील का?” ही भीती पोकळ आहे असे मी त्यांना सांगू शकत नाही. शिर्डीत २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या गाण्याच्या मोबाईल रिंगटोनवरून एका तरुणाचा जीव गेला. रिंगटोन बंद तरी करता येते. आई घाबरते म्हणून ती मागासलेली ठरत नाही. तिला दटावू नका, तिच्याशी बोला, आणि मगच सुईपुढे हात धरा. वय मात्र पुरते अठरा होऊ द्या. आजीला विचारले नव्हते. निदान तुम्हाला तरी स्वतःला नीट विचारण्याएवढे कळते झालेले असावे.

पोलीस आणि सैन्याच्या तयारीला लागलेल्या मुला-मुलींसाठी खास. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीच्या जाहिरातीत गोंदणाचे कलम असते. धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव चालते. जागा डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, कारण उजवा हात सलामीचा. आणि आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी. मानेवर किंवा उजव्या हातावर हौसेने काढलेले गोंदण घेऊन मैदानात उतराल तर पळण्यात पहिले येऊनही वैद्यकीय तपासणीत घरी याल. प्रत्येक भरतीची जाहिरात वेगळी वाचा, मित्राच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. अर्ज भरताना ओळखीच्या खुणेच्या रकान्यात गोंदण लपवू नका, जे आहे ते आणि जेथे आहे तेथे लिहा.

राहता राहिले रक्तदान. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपल्याकडे शिबिरे होतात. उत्साहाने आदल्या आठवड्यात ‘जय भीम’ गोंदवून आलेल्या मुलांना रक्तपेढीचे लोक परत पाठवतात आणि मग मंडपात बाचाबाची होते. त्यात रक्तपेढीचा दोष नाही. गोंदल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही असा नियम आहे, कारण सुईतून आलेला रोग तपासणीत दिसायला वेळ लागतो. तेव्हा या वर्षात ज्यांनी गोंदवले असेल त्यांनी रक्त पुढच्या वर्षी द्यावे. यंदा नोंदणीच्या टेबलावर बसावे. तेथे लिहिणारे हात दरवर्षी कमी पडतात.